तीन दिवस आधी भिजत घातलेली सुट्टी: नौपाड्यातल्या एका घराच्या १ मेचा प्रकरण अभ्यास

रविवार, २७ एप्रिल २०२५. संध्याकाळी सातच्या सुमारास सासूबाईंनी दोन किलो गहू निवडले, धुतले आणि मोठ्या पातेल्यात भिजत घातले. आमच्या घरातली १ मेची सुट्टी तेव्हाच ठरून गेली. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

कुरडईचं वेळापत्रक पुढे-मागे सरकत नाही. गहू तीन दिवस भिजायला हवेत आणि पाणी रोज बदलायला हवं, नाहीतर वास धरतो. तिसऱ्या संध्याकाळी ते वाटायचे, पाण्यात कोळून गाळायचे, चोथा पिळून वेगळा करायचा. खाली आलेला चीक रात्रभर अजिबात हलवायचा नाही. सकाळी वर साचलेलं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र, घट्ट चीक उरतो. तो ऊन वर यायच्या आत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. रविवारी संध्याकाळी भिजवले म्हणजे गुरुवारी पहाटे शिजवायचे. आईंनी (सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो) गुरुवार मुद्दाम धरला होता. "महाराष्ट्र दिन आहे, सगळी घरी असतील, हात मिळतील," असं त्या म्हणाल्या.

हात मिळालेही. तरी त्या रात्री ओटा पुसताना मला जे वाटत होतं ते निव्वळ दमणं नव्हतं. ते नेमकं काय होतं हे मला शोधायचं होतं आणि शोधायचं साधन योगायोगाने हाताशी होतं.

घर आणि माणसं

आम्ही पाच जण. ठाण्याच्या नौपाड्यात घंटाळीच्या बाजूला चार मजल्यांची जुनी इमारत, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण गच्ची आहे आणि तिची किल्ली आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. गेली सहा-सात वर्षं आम्ही कुरडया विकतच आणत होतो. "ह्या गच्चीवरचा हा शेवटचा मे," म्हणून आईंनी यंदा हट्ट धरला आणि तो मला मनापासून पटला.

आईंचं वय ७१, माहेर वाईचं. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला. मुलगा बारावी देऊन निकालाची वाट पाहत होता, मुलगी बारा वर्षांची. धुणंभांडी आणि केर-लादी करणाऱ्या मावशींना १ मेची पगारी सुट्टी दिली होती, कारण कामगार दिनाला ज्यांच्या हाताला सुट्टी मिळायला हवी त्यांच्यात त्या पहिल्या. दुपारी जेवायला नेरुळहून नणंद, तिचे यजमान आणि मुलगा येणार होते. म्हणजे पानं आठ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती महत्त्वाची ठरते. आमचं स्वयंपाकघर सहा बाय आठ फुटांचं आहे. ओट्याशी एक माणूस उभं राहिलं की दुसऱ्याला फ्रिज उघडता येत नाही.

रोजनिशीची पद्धत

मी संख्याशास्त्र शिकवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आले आणि ते मी वर्गात घेतले होते. घरच्यांसाठीची विनामोबदला घरकामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. याच प्रकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. इथे मुलं हमखास एक चूक करतात. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. २०१९ मध्ये असं काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. म्हणजे बहुतेक पुरुष त्या ९७ मिनिटांच्या सरासरीत मोजलेच गेलेले नाहीत. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि त्याखाली दोन रेघा ओढते.

सर्वेक्षणाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात. एका तुकड्यात अनेक कामं झाली असतील, तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली, जास्तीत जास्त तीन नोंदतात. विद्यार्थ्यांकडून भरून घेण्यासाठी मी हा तक्ता छापून घेतला होता, त्याच्या उरलेल्या प्रती घरी होत्या. बुधवारी रात्री मी पाच कागद वाटले आणि प्रत्येकाने आपला दिवस आपण लिहायचा, एवढंच सांगितलं. आईंचा कागद नातीने लिहायचा ठरलं. तुलनेसाठी आधीच्या गुरुवारचा, २४ एप्रिलचा दिवस आम्ही आठवून भरला. आठवून भरलेले आकडे कच्चे असतात, ते तसेच धरावेत.

मी एक भर घातली. मला विचारल्या गेलेल्या प्रत्येक प्रश्नाची एक रेघ भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने मारायची. असं का करावंसं वाटलं, ते त्या वेळी मला नीट सांगता आलं नसतं.

पहाट, गच्ची

आदल्या दिवशी, बुधवारी, अक्षय तृतीया होती. कॉलेज करून, आमरसाचा नैवेद्य करून संध्याकाळी आम्ही गहू वाटले होते. गुरुवारी पावणेपाचला उठून मी पातेल्यावरचं पाणी ओतून काढलं. आईंनी चीक वाटीने नाही, पातेल्याने मोजला. एक पातेलं चीक, त्याच पातेल्याने एक पातेलं पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ आणि हिंग. मग एकाने चीक संथ धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने अखंड ढवळायचं. धार जाड झाली की गाठी होतात, हात थांबला की खाली लागतं.

हे एकट्याचं काम नाही. दोन माणसं नसतील तर ते होतच नाही. नवऱ्याने धार धरली, आईंनी ढवळलं. पाच मिनिटांत आईंचा हात भरून आला तेव्हा दोघांनी जागा बदलल्या. चीक पांढरा होता तो हळूहळू काचेसारखा चकचकीत होऊ लागला. ओलं बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही, तसं आईंनी झाकण ठेवलं आणि वाफ येऊ दिली. कच्चा राहिला तर कुरडया वाळताना तुटतात. गव्हातलं सत्त्व, म्हणजे स्टार्च, पाणी पिऊन पुरता फुगला तरच तार धरतो. हे आईंना माहीत होतं, मला त्याचं कारण माहीत होतं, आणि दोन्ही मिळून ढवळणाऱ्याला सांगितलं गेलं.

सव्वासहाला आम्ही पाचही जण गच्चीवर होतो. खाली प्लास्टिक अंथरलेलं, चार कोपऱ्यांना विटा. मुलगा सोऱ्या दाबत होता, कारण चीक गरम असताना दाबायला जोर लागतो. आईंनी पहिल्या चार कुरडया घालून दाखवल्या. पाचवी मुलाने घातली ती वेडीवाकडी आली, आई म्हणाल्या, "असू दे, वाळली की सारखीच दिसते." विसावी बघण्यासारखी होती. एकूण ८४ झाल्या.

सव्वासातला मी खाली उतरले, कारण आठला कॉलेजात ध्वजारोहण होतं. राहिलेलं त्यांनी माझ्याशिवाय पूर्ण केलं. साडेआठपासून दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत मुलगी काठी घेऊन कबुतरं राखत बसली. तिच्या कागदावर ही ११० मिनिटं सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहेत.

कॉलेजात एका सहकाऱ्याने नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावर चार शब्द सांगितले. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, १८४८ चा. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या आधी माणसं आठवड्याचे सातही दिवस साच्यावर उभी असत. आज आपण सहज उपभोगतो तो रविवार आमच्याच गावच्या माणसाने झगडून आणला, याचा मला अभिमान वाटतो. ऐकताना मात्र माझ्या मनात पुरीचं पीठ होतं. ते मी भिजवून आले नव्हते.

पावणेदहा ते दीड

घरी आले तेव्हा नवरा जांभळी नाक्यावरून आंबे घेऊन आला होता. बेत आमरस, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि तळण. तो मीच ठरवला होता, मंगळवारी, बसमध्ये. कुणाला सांगितला नव्हता, कारण सांगायचं काय, तो नेहमीचाच बेत.

इथपासून कॅलेंडरवरच्या रेघा वाढायला लागतात. रस काढायला कोणतं पातेलं घेऊ? वेलची कुठे आहे? भात किती जणांचा? ताईंच्या मुलाला तिखट चालतं का? पंचा कुठला घेऊ? तेल संपलंय का? हे वाळत घालू का धुवायचंय? पावणेदहा ते दीड या पावणेचार तासांत ४३ रेघा झाल्या, म्हणजे साधारण सव्वापाच मिनिटांना एक. सगळे प्रश्न प्रेमाने विचारलेले होते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मदत करायची होती.

पुऱ्या साठ लागणार होत्या. मी बारा लाटायच्या, त्यावर ओलं फडकं टाकायचं, हात पुसून कढईकडे वळायचं, बारा तळायच्या, परत पोळपाट. लाटलेल्या पुऱ्या उघड्या राहिल्या तर सुकतात, मग फुगत नाहीत, म्हणून एकदम सगळ्या लाटून ठेवता येत नाहीत. या फेऱ्यांना सत्तर मिनिटं लागली. मध्ये नणंद आत आली, पदर खोचून म्हणाली, "दे, मी लाटते." मी म्हटलं, "ताई, तुम्ही बसा हो, इतक्या लांबून आलात. आणि इथे दोघी मावतोय कुठे?" दोन्ही कारणं खरी होती. ती बाहेर गेली आणि मी बारा-बाराच्या फेऱ्या करत राहिले. पुढच्या सगळ्या विचाराची सुरुवात या एका प्रसंगापासून झाली.

जेवणं छान झाली. मागची भांडी मावशी नसल्याने मीच घासली, ६५ मिनिटं, नवऱ्याने २५ मिनिटं पुसून जागेवर लावली. पावणेपाचला चहा, ताईंना द्यायचा डबा, गच्चीवरून कुरडया खाली आणणं, रात्री मुगाची खिचडी, दही विरजणं, ओटा. खाडीकाठच्या दमट हवेत कुरडया वाईसारख्या लवकर वाळत नाहीत. संध्याकाळी आत घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पसराव्या लागतात, असे तीन दिवस चाललं.

पाच कागद शेजारी ठेवल्यावर

२४ एप्रिल, साधा गुरुवार, घरकामाची मिनिटं: मी २५०, नवरा ४०, आई १८०, मुलगा १५, मुलगी १०.

१ मे: मी ७००, नवरा २४०, आई ३१०, मुलगा ९५, मुलगी ११०.

नवऱ्याने कागद पाहिल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "माझं काम सहापट झालं, तुझं तिपटीच्याही आत आहे." बरोबर आहे. आणखीही एक बरोबर आहे. घरातल्या एकूण कामातला माझा वाटा साध्या गुरुवारी ५० टक्क्यांच्या किंचित वर होता, तो १ मेला ४८ टक्क्यांवर आला. पटीने पाहा किंवा टक्क्यांनी पाहा, सुट्टीच्या दिवशी आमच्या घरातली वाटणी सुधारलेलीच दिसते.

आता फरक पाहा. साध्या दिवशी माझ्या आणि नवऱ्याच्या कामात २१० मिनिटांचं अंतर होतं, सुट्टीच्या दिवशी ते ४६० झालं. चाळीसची सहापट करायला दोनशे मिनिटं पुरतात. शरीर पटीत थकत नाही, मिनिटांत थकतं. पाया लहान असला की पट फसवी दिसते, हे मी दरवर्षी शिकवते. ते आपल्या घरच्या कागदावर बघताना मात्र मला पेन खाली ठेवावं लागलं.

तरीही हे आकडे मला हवं ते सांगत नव्हते. मी फक्त दमले असते तर ७०० या आकड्याने माझं समाधान झालं असतं. मग मी दिवसाचे दोन तुकडे वेगळे काढले. सकाळच्या कुरडईची पाच जणांची मिनिटं ६६५, त्यात माझी १५०, म्हणजे जेमतेम २३ टक्के. दुपारचं जेवण, बाजार, वाढणं आणि भांडी धरून ४८० मिनिटं, त्यात माझी ३४५, म्हणजे ७२ टक्के. एकच दिवस, तीच पाच माणसं, तीच मनं. पहाटे पाचला न सांगता उठून ढवळायला उभा राहिलेला माणूस आणि दुपारी दारातून "काही मदत करू का?" विचारणारा माणूस एकच.

म्हणजे आळस हे कारण नव्हतं. प्रेम कमी होतं असंही नव्हतं. घरातल्या बायका या बाबतीत सहसा याच दोन कारणांपाशी येऊन थांबतात आणि मीही बरीच वर्षं तिथेच थांबले होते.

कारण शोधताना

कुरडईच्या वेळी पहिल्या अर्ध्या तासात आईंना १९ प्रश्न विचारले गेले होते (मुलीने ते आईंच्या कागदाच्या समासात मोजले होते, मी न सांगता). त्यानंतर जवळजवळ शून्य. मला पूर्ण पहाटेत तीन. दुपारी मात्र प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासातही तितकेच होते जितके पहिल्या अर्ध्या तासात. एकीकडे विचारणारा शिकत गेला आणि प्रश्न संपले. दुसरीकडे कुणीच काही शिकलं नाही.

आईंनी सुरुवातीला सगळं मोठ्याने सांगितलं होतं. माप काय, क्रम काय, बिघडतं कुठे, झालं हे ओळखायचं कसं. ते कळल्यावर प्रत्येकजण आपापल्या बुद्धीने काम करत होता. मी बेत मनात ठेवला, डबे झाकणांच्या रंगावरून ओळखते, नावं लिहिलेली नाहीत. वेलची "त्या निळ्या झाकणाच्या मागे" असते. मी दिलेलं प्रत्येक उत्तर त्या एका प्रश्नापुरतं होतं.

आणि याच्या मुळाशी माझी रोजची सकाळ आहे. सव्वासातची बस गाठायची असते, त्याआधी पन्नास मिनिटांत चार डबे भरायचे असतात. त्या पन्नास मिनिटांसाठी मी ते सहा बाय आठ फूट एका माणसासाठी बेतलं आहे. हात लांबवला की मीठ, वळलं की पोळपाट. दुसरं माणूस आलं की खोळंबा. गेली अठरा वर्षं ही रचना मी घासूनपुसून नेमकी केली आणि तिच्यामुळेच नोकरी करू शकले. सुट्टीच्या दिवशी तीच रचना तशीच राहते. फक्त पन्नास मिनिटांच्या जागी पावणेचार तास ताणली जाते, चार डब्यांच्या जागी आठ पानं वाढते. पुरीचं काम खरं तर चीक ढवळण्यासारखंच दोघांचं. एकाने लाटायचं, एकाने तळायचं, आईंच्या काळात तसंच होत असे. मी ते बारा-बाराच्या फेऱ्यांत मोडून एकटीचं करून घेतलं होतं, इतक्या वर्षांपूर्वी की ताई पोळपाट मागायला आली तेव्हा मला तिला देण्यासारखं काही दिसलंच नाही.

गच्चीवर जागा होती, सगळ्यांना सगळं दिसत होतं, काम कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळत होतं. ८४ झाल्या, संपलं. स्वयंपाकघरातलं काम संपल्याचं कुणाला कळत नाही, कारण ते संपतच नाही, पुढच्या चहाला जाऊन मिळतं.

एक नोंद मला आजही सोडवता आलेली नाही. दुपारी चार ते साडेचार या तुकड्यात मी "विश्रांती" लिहिलं आहे, कारण मी खरंच आडवी झाले होते. त्या अर्ध्या तासात पाच रेघा आहेत, आणि दूध तापवायचं राहिलंय हे मला सतत माहीत होतं. सर्वेक्षणाच्या नियमाने दहा मिनिटांपेक्षा लहान कामं धरली जात नाहीत. नियम योग्यच आहे, नाहीतर असे तक्ते कधी भरूनच होणार नाहीत. पण त्या अर्ध्या तासाला मी माझ्या कागदावर दुसरं नाव देऊ शकत नाही आणि ते नाव खरंही नाही.

१५ ऑगस्ट

कागद पाहून झाल्यावर घरात तीन गोष्टी केल्या. मुलाने सगळ्या डब्यांना नावं लिहून चिकटवली, एका संध्याकाळचं काम. बेत आदल्या रात्री फ्रिजच्या दाराला लावायचा ठरलं. आणि सुट्टीचं एक पूर्ण जेवण, बेत ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, एकाच माणसाकडे द्यायचं. मदत मागायची तर त्याने मागायची.

१५ ऑगस्टला, शुक्रवारी, नवऱ्याकडे जेवण होतं. पुरी, भाजी, टोमॅटोचं सार, विकतचं श्रीखंड आणि आमच्या कुरडया तळलेल्या. माणसं पाचच. मुलाने पोळपाट बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर मांडला आणि लाटलेल्या पुऱ्या ताटातून आत पाठवत गेला. चाळीस पुऱ्या, दोघांना प्रत्येकी ३५ मिनिटं. हिशेब केला तर मी एकटीने सत्तर मिनिटांत साठ केल्या होत्या, इथे दोघांच्या मिळून सत्तर मिनिटांत चाळीस झाल्या. वाटून केल्याने काम कमी होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे तरी ते वाढलं.

त्या दिवशी माझी मिनिटं ३१०, नवऱ्याची २५५. मला विचारलेले प्रश्न १२.

एक गोष्ट वाईट झाली आणि ती मी हलकी करून सांगणार नाही. पानं दोन वाजून दहा मिनिटांनी वाढली गेली. आईंना मधुमेह आहे, एक वाजता जेवण आणि त्याआधी गोळी. त्यांनी गोळी वेळेवर घेतली आणि जेवण आलं नाही. त्यांचा चेहरा मला बाहेरच्या खोलीतून दिसला, तेव्हा मी उठून त्यांना पोळी आणि दूध दिलं. आईंची एकची वेळ माझ्या डोक्यात होती, फ्रिजवरच्या कागदावर नव्हती. बेत मी लिहून घेतला होता, वेळ नाही. आता कागदाच्या वरच पहिल्या ओळीत लिहिलं आहे: आईंचं पान, एक वाजता.

आणखी एक. सकाळपासून मी बाहेर बसले होते आणि ते मला फार कठीण गेलं. आईंनी तीनदा विचारलं, "तू बसून का? बरं वाटत नाही का?" भाजीत मोहरी करपल्याचा वास आला तेव्हा मी दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. नवऱ्याने ती भाजी तशीच वाढली आणि सगळ्यांनी खाल्ली. अठरा वर्षांची रचना सोडून द्यायला माझं मन तयार व्हायचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. यात बाकीच्यांकडून मी जेवढं मागते आहे तेवढंच मला स्वतःकडूनही मागावं लागेल.

सहावा कागद

वर्गात मी हा तक्ता नावं न घेता दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, भांडी रोज कोण घासतं?" मी म्हटलं, मावशी येतात. ती म्हणाली, "मग साध्या गुरुवारची त्यांची मिनिटं कुठे आहेत?"

नव्हती. २४ एप्रिलच्या माझ्या २५० मिनिटांमागे मावशींचा सव्वा तास उभा आहे. तो धरला नाही तर साधा दिवस आहे त्यापेक्षा हलका दिसतो आणि सुट्टीचा दिवस आहे त्यापेक्षा जड. सर्वेक्षणाच्या हिशेबात त्यांचा आमच्याकडचा वेळ रोजगारात जातो, विनामोबदला कामात नाही, हे तांत्रिक उत्तर मी तिला दिलं. पण माझा अभ्यास एका घरातल्या कामाचा होता आणि त्या घरातलं एक माणूस मी मोजलंच नव्हतं.

घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. सुट्टी मात्र अजूनही ज्या-त्या घरच्या समजुतीवर चालते. आमच्याकडे आता वर्षाच्या पगारी सुट्ट्या लिहून कॅलेंडरवर लावल्या आहेत, एक प्रत मावशींकडे.

मग मी त्यांना विचारलं, १ मेला तुम्ही काय केलंत? ओट्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "गोधड्या धुतल्या. चार होत्या. पोरं घरी होती म्हणून पोळ्या केल्या पुरणाच्या. दुसरा दिवस कुठला मिळतो?" मी त्यांना तक्त्याचा कोरा कागद दाखवला आणि म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते, एक तास लागेल, त्या तासाचे पैसे वेगळे. त्यांनी कागद हातात घेऊन बघितला, उलटा-सुलटा केला, आणि परत दिला. गणपती आठवड्यावर आले आहेत, चार घरी जास्तीचं काम धरलं आहे.

"गणपती होऊ देत," म्हणाल्या, "मग बसू."